टीईसी१-१२७०६ पेल्टियर मॉड्यूल : सुट्या भागांची तापमान चाचणी घरी करणाऱ्यांसाठी एक परीक्षण

सर्किट टेबलावर व्यवस्थित चालते, पण शेतातल्या मोटारीच्या लोखंडी पेटीत किंवा गाडीच्या बॉनेटखाली बसवले की काही वेळाने विचित्र वागू लागते, अशी तक्रार दुरुस्ती करणाऱ्यांकडे आणि छोटी उपकरणे बनवणाऱ्यांकडे सतत येत असते. दोष तापमानामुळे उद्भवतो हे ओळखायला फार वेळ लागत नाही. तो नेमका कोणत्या भागाचा आहे हे ठरवायला मात्र एकेक भाग ठरावीक तापमानावर धरून ठेवावा लागतो आणि त्या वेळी त्याचे मोजमाप घ्यावे लागते. हेअर ड्रायरची गरम हवा किंवा गारवा देणारा फवारा संशयित भाग दाखवून देतो, पण आकडा देत नाही. व्यावसायिक थर्मल चेंबर आकडा देते, परंतु त्याची किंमत लाखांत जाते. या दोहोंमधली जागा टीईसी१-१२७०६ हे बाजारात सहज मिळणारे पेल्टियर मॉड्यूल कितपत भरून काढते, हे मी त्यावर बांधलेली चाचणी प्लेट दीर्घकाळ वापरून पाहिले आहे. माझे मत आरंभीच सांगतो : शून्य ते ऐंशी अंश सेल्सिअस या पट्ट्यात हे मॉड्यूल त्याच्या किमतीच्या कितीतरी पट काम देते, मात्र त्याच्यासोबत ‘कूलिंग किट’ म्हणून जो संच विकला जातो, तो या कामासाठी जसाच्या तसा घेऊ नये.

मॉड्यूल दिसायला साधे आहे. ४० मिलिमीटर चौरसाच्या दोन पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्या, त्यांच्यामध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या बारीक ठोकळ्यांच्या १२७ जोड्या, आणि बाहेर आलेल्या लाल व काळ्या अशा दोन वायरी. एकूण जाडी जेमतेम चार मिलिमीटर. नावातला १२७ हा आकडा जोड्यांचा, ०६ हा सुमारे सहा अँपिअर कमाल प्रवाहाचा, आणि त्याआधीचा १ हा एकच थर असल्याचा निदर्शक आहे. वीजप्रवाह दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून गेला की एका सांध्यावर उष्णता शोषली जाते व दुसऱ्यावर बाहेर पडते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेल्टियर यांनी १८३४ मध्ये दाखवले; त्याच तत्त्वावर हे चालते. प्रवाहाची दिशा उलटवली की थंड बाजू गरम होते आणि गरम बाजू थंड. चाचणीच्या कामाला या गुणाचे मोल फार मोठे आहे, कारण एकाच प्लेटवर भाग थंडही करता येतो आणि तापवताही येतो, आणि त्यासाठी भागाला हातही लावावा लागत नाही.

माहितीपत्रकातले आकडे वाचताना मात्र सावध राहावे लागते. पन्नास वॅटहून अधिक उष्णता उपसण्याची क्षमता आणि दोन बाजूंमध्ये ६६ अंशांच्या आसपास फरक, हे दोन्ही आकडे खरे असले तरी ते एकाच वेळी मिळत नाहीत. जास्तीत जास्त उष्णता उपसली जाते ती दोन्ही बाजूंचे तापमान समान असताना, आणि जास्तीत जास्त फरक पडतो तो थंड बाजूवर उष्णतेचा काहीही भार नसताना. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी होते. शिवाय हा फरक गरम बाजूपासून मोजायचा असतो, खोलीच्या तापमानापासून नव्हे. विक्रेत्यांच्या जाहिरातींत ही गोष्ट गाळलेली असते आणि बहुतेकांची निराशा इथूनच सुरू होते.

म्हणून या मॉड्यूलचे परीक्षण खरे तर त्याच्या गरम बाजूचे परीक्षण आहे. मॉड्यूल उष्णता नष्ट करत नाही. विहिरीतल्या पंपाप्रमाणे ती एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेते, आणि हे करताना स्वतः खाल्लेली सगळी वीजही उष्णतेच्या रूपाने गरम बाजूवरच टाकते. १२ व्होल्टवर, दोन्ही बाजूंमध्ये चांगला फरक पडलेला असताना, मॉड्यूल चार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, म्हणजे जवळजवळ ५० वॅट. किटमध्ये मिळणाऱ्या लहान हीट सिंकचा (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंखदार ठोकळ्याचा) उष्णतारोध दर वॅटला एक अंश धरला, तर गरम बाजू खोलीपेक्षा पन्नास अंशांनी वर जाते. खोली २८ अंशांवर असेल तर गरम बाजू ऐंशीच्या घरात पोहोचते. तिथून साठ-सत्तर अंश खाली उतरूनही थंड बाजू जेमतेम फ्रीजच्या खालच्या कप्प्याएवढीच गार होते. त्याच हीट सिंकवर तेच मॉड्यूल सात व्होल्टवर चालवले, तर ते पंधरा-सोळा वॅटच घेते, गरम बाजू पंचेचाळिसाच्या आसपास राहते, आणि थंड प्लेट आधीपेक्षा काही अंश अधिक खाली जाते. कमी वीज देऊन अधिक गारवा मिळतो, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण गणित सरळ आहे : उपसली जाणारी उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, तर मॉड्यूलच्या स्वतःच्या रोधात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका मर्यादेनंतर दुसरी पहिलीवर मात करते. ती मर्यादा प्रत्येक हीट सिंकगणिक बदलते, त्यामुळे व्होल्टेज हळूहळू वाढवत, प्रत्येक पायरीवर प्लेट स्थिरावू देत, सर्वांत खालचे तापमान कुठे मिळते ते स्वतः शोधून काढावे. हा एक प्रयोग केला की मॉड्यूलचा स्वभाव पुरता कळतो.

किटमधल्या हीट सिंकऐवजी जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरवरचा, तांब्याच्या हीट पाइपचा आणि मोठ्या पंख्याचा कूलर वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे जुने कूलर थोड्या पैशांत मिळतात, आणि मॉड्यूलच्या कामगिरीत जेवढा फरक त्यांनी पडतो तेवढा अधिक महागडे मॉड्यूल घेऊनही पडत नाही. मॉड्यूल दोन सपाट पृष्ठभागांमध्ये पातळ थर्मल पेस्ट लावून समान दाबाने आवळावे. आवळणारे स्क्रू गरम बाजूकडून थंड प्लेटकडे उष्णता वाहून नेतात, म्हणून ते बारीक असावेत आणि त्यांच्या डोक्याखाली नायलॉनचे वॉशर असावेत. हीट सिंक न लावता मॉड्यूलला ‘जरा चालते का पाहू’ म्हणून १२ व्होल्ट जोडू नयेत. आतले सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळते आणि उघडे मॉड्यूल तिथवर फार लवकर पोहोचते.

आता किटमधल्या दुसऱ्या वस्तूकडे, म्हणजे डब्ल्यू१२०९ या लहान थर्मोस्टॅट बोर्डाकडे वळतो. बोर्ड म्हणून तो वाईट नाही. तीन आकडी डिस्प्ले, १० किलोओहमचा एनटीसी (तापला की रोध कमी होणारा) सेन्सर, उणे ५० ते ११० अंशांचा पट्टा, आणि पी० पासून पी६ पर्यंतच्या सेटिंग्जमध्ये गरम-थंड निवड, चालू-बंद यांतले अंतर, सेन्सरची दुरुस्ती असे सगळे काही आहे. अंडी उबवण्याच्या पेटीसाठी किंवा फर्मेंटेशनच्या डब्यासाठी तो उत्तम आहे. पेल्टियर मॉड्यूलला मात्र तो मानवत नाही, आणि याचे कारण त्याच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचात, आहे. रिले मॉड्यूल पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करतो. कॉम्प्रेसरचा फ्रीज बंद झाला की आतला गारवा बराच काळ टिकतो. पेल्टियर मॉड्यूल बंद झाले की गरम बाजूची उष्णता त्याच चार मिलिमीटरमधून थेट थंड प्लेटकडे परतते, दोन बाजूंतील फरकाच्या दर अंशाला सुमारे अर्धा वॅट या वेगाने. परिणामी प्लेटचे तापमान सतत वर-खाली होत राहते आणि भागाचे मोजमाप कोणत्या क्षणी घ्यावे हेच कळत नाही. त्यातच वारंवार गरम-गार होण्याने आतले सोल्डरचे सांधे थकतात. या मॉड्यूलला कमी-अधिक होणारा, पण अखंड प्रवाह लागतो. एक्सएल४०१५ या चिपवर आधारलेला, पाच अँपिअरपर्यंतचा आणि प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारा बोर्ड) घेतला, त्यापुढे दिशा उलटवण्यासाठी एक डीपीडीटी (दोन्ही वायरींची जोडणी एकदम बदलणारा) स्विच लावला, तर हाताने नॉब फिरवूनही प्लेट अर्ध्या अंशात स्थिर ठेवता येते, कारण भार बदलत नसेल तर मॉड्यूल आपोआप एका समतोलावर येऊन थांबते. ज्यांना प्रोग्रॅमिंग येते त्यांनी पुढे मायक्रोकंट्रोलर जोडावा. पण सुरुवातीलाच त्यात शिरण्याची गरज नाही. दिशा उलटवताना प्लेटला खोलीच्या तापमानाजवळ येऊ द्यावे, हा नियम मी काटेकोरपणे पाळतो.

डब्ल्यू१२०९ चा डिस्प्ले दशांश दाखवतो, म्हणून त्याचे वाचन दशांशापर्यंत खरे असते असे नाही. तापमान चाचणीच्या साधनात तापमानाचा आकडा हाच पाया असल्याने सेन्सरची निवड मॉड्यूलइतकीच गांभीर्याने करावी. अनेक जण के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या सांध्याचा सेन्सर) आणि त्याचे वाचन करणारा मॅक्स६६७५ चा बोर्ड घेतात. भट्टीसाठी ही जोडी ठीक आहे, परंतु मॅक्स६६७५ शून्याखालचे तापमान वाचूच शकत नाही; थंड बाजूसाठी मॅक्स३१८५५ घ्यावा लागतो. माझी पसंती डीएस१८बी२० या डिजिटल सेन्सरला आहे : उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाची हमी, तीन वायरी, आणि थर्मोकपलसारख्या वेगळ्या रूपांतर बोर्डाची गरज नाही. या सेन्सरच्या नकला बाजारात मुबलक आहेत आणि त्यांची वाचने एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे दोन-तीन सेन्सर एकत्र बांधून तपासून घ्यावेत. आणखी एक बाब या कामात विशेष घातक ठरू शकते. वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप पूर्ण होण्याआधी हा सेन्सर ८५ अंश असे वाचन देतो. खोलीचे तापमान पाहणाऱ्याला ते चूक असल्याचे तत्काळ कळते. पण प्लेट खरोखरच ८० अंशांवर असेल तर तो आकडा खरा वाटून वहीत उतरतो. मोजमापाला पाऊण सेकंद द्यावे आणि नेमके ८५.० हे वाचन पुन्हा घेतल्याशिवाय स्वीकारू नये.

सेन्सर पारखण्यासाठी थर्मास पुरेसा आहे. शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा थर्मासात भरून, फटी भरतील एवढेच गार पाणी घालून, थोडा वेळ हलवत ठेवले की शून्य अंशाचा भरवशाचा बिंदू मिळतो. उकळत्या पाण्याच्या बिंदूबाबत गावाची उंची लक्षात घ्यावी लागते : मुंबईत तो शंभराला टेकतो, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असलेल्या पुण्यात तो ९८ अंशांच्या आसपास येतो, आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांवरच पाणी उकळते. सेन्सर दोन्ही बिंदूंवर तपासून फरक लिहून ठेवावा.

प्लेट म्हणून सेन्सर आत मावेल एवढ्या जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या कडेतून मध्यापर्यंत भोक पाडून सेन्सर आत बसवावा. पृष्ठभागावर चिकटवलेला सेन्सर अर्धे तापमान हवेचेच सांगतो. हेच तत्त्व चाचणीच्या भागालाही लागू आहे. तांब्याची जाड वायर भागापर्यंत नेली तर ती खोलीची उष्णता थेट त्याच्या आत पोहोचवते आणि प्लेट शून्यावर असताना भाग पाच-सहा अंशांवरच राहतो. म्हणून बारीक, लांब एनॅमल वायर वापरावी आणि तिची दोन-तीन वेटोळी प्लेटला टेकवूनच भागाकडे न्यावी. वरून थर्मोकोलचे झाकण घालावे. मात्र थर्मोकोल ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, म्हणून ज्यांना वरच्या टोकाला अधिक काम करायचे आहे त्यांनी सिलिकॉन फोमचे झाकण करावे.

पावसाळ्यात या साधनाची खरी परीक्षा होते. जुलैत मुंबईतल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे प्लेट त्याखाली गेली की तिच्यावर पाणी साचू लागते. ते पाणी भागाच्या दोन पायांमध्ये पसरले की अतिसूक्ष्म गळती प्रवाह सुरू होतो, आणि मेगाओहमच्या रेझिस्टरची किंवा ऑप-अँपच्या इनपुटची चाचणी करणाऱ्याला वाटते की भागच थंडीत बिघडला. ही फसगत टाळण्यासाठी मी चाचणीचा क्रम ठरवून घेतला आहे : झाकणाखाली सिलिका जेलची पुडी ठेवायची, आधी प्लेट साठ अंशांवर नेऊन आतला ओलावा घालवायचा, झाकणाच्या कडा टेपने बंद करायच्या, आणि मगच थंड दिशेने उतरायचे. मॉड्यूलच्या आतल्या ठोकळ्यांनाही या ओलाव्याचा त्रास होतो, म्हणून कडा सिलिकॉनने बंद केलेले मॉड्यूलच घ्यावे. कडेने ठोकळे उघडे दिसत असतील तर कोकणपट्टीत ते फार काळ टिकणार नाही.

एवढी तयारी झाल्यावर जे समोर येते त्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थ ठरतो. सर्वांत आधी सिरॅमिक कपॅसिटर तपासावेत. त्यांच्या वर्गाची अक्षरे माहितीपत्रकात वाचून सोडून दिली जातात, पण प्लेटवर ती डोळ्यांदेखत अर्थ घेतात. एक्स७आर वर्गाचा कपॅसिटर उणे ५५ ते १२५ अंशांत पंधरा टक्क्यांच्या आत राहायला हवा. वाय५व्ही वर्गाला उणे ३० ते ८५ अंशांत ८२ टक्क्यांपर्यंत घट होण्याची मुभा आहे. म्हणजे टेबलावर १० मायक्रोफॅरड दाखवणारा भाग तापलेल्या पेटीत दोन मायक्रोफॅरडवरही येऊ शकतो आणि तरीही तो ‘निर्दोष’च मानला जातो. मोटारीच्या एका ऑटो स्टार्टरचा टायमर दुपारी लवकर सुटतो अशी तक्रार होती. त्यातला वेळ ठरवणारा सिरॅमिक कपॅसिटर प्लेटवर ठेवून तापवला तेव्हा त्याची क्षमता अंशागणिक घसरताना मीटरवर दिसली, आणि त्या जागी पॉलिस्टर फिल्मचा कपॅसिटर लावल्यावर वेळ स्थिरावली. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हातल्या बंद लोखंडी पेटीचे तापमान त्याहून बरेच अधिक असते. त्या पेटीत काय घडते हे टेबलावर पाहता येणे, हे या साधनाचे सर्वांत मोठे देणे आहे.

घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टलही असाच बोलका आहे. तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो आणि तिथून कोणत्याही दिशेने दूर गेले की मंदावतो. मंदावण्याचे प्रमाण अंशांच्या फरकाच्या वर्गावर अवलंबून असते, दर वर्ग-अंशाला साधारण ०.०३५ दशलक्षांश. साठ अंशांवर हा फरक ४३ दशलक्षांशांवर जातो, म्हणजे दिवसाला पावणेचार सेकंदांच्या जवळपास; पाच अंशांवर दिवसाला सव्वा सेकंद. गरमी आणि थंडी दोन्हींत घड्याळ मागेच पडते, पुढे कधीच जात नाही, ही गोष्ट वक्र प्रत्यक्ष आलेखावर उतरवून पाहिली की कायमची लक्षात राहते. त्याच प्लेटवर तापमानानुसार स्वतःची दुरुस्ती करणारा डीएस३२३१ हा घड्याळाचा आयसी ठेवला की त्याची किंमत अधिक का आहे हेही कळते; शून्य ते चाळीस अंशांत तो दोन दशलक्षांशांची हमी देतो. साधा १एन४१४८ डायोड घेऊन त्यातून स्थिर प्रवाह सोडला तर त्याच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजमध्ये दर अंशाला दोन मिलिव्होल्टच्या आसपास घट दिसते, आणि ही सरळ रेषा नीट आली नाही तर आपल्या प्लेटची जोडणी तपासावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध) शून्य अंशाजवळ कसा वाढतो ते पाहिल्यावर, पहाटेच्या थंडीत पॉवर सप्लाय सुरू होताना का अडखळतो याचा उलगडा होतो. निफाडच्या हिवाळ्यातली पहाट आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यातली पेटी, दोन्ही या एका प्लेटच्या पट्ट्यात बसतात.

मर्यादा स्पष्ट आहेत. औद्योगिक श्रेणीच्या भागांना उणे ४० अंशांपर्यंत आणि वाहनांतल्या अनेक भागांना १२५ अंशांपर्यंत चालावे लागते. ही दोन्ही टोके एका थराच्या मॉड्यूलच्या आवाक्याबाहेर आहेत. एकावर एक दोन सारखी मॉड्यूल ठेवून दुप्पट गारवा मिळेल ही समजूत चुकीची आहे, कारण खालच्या मॉड्यूलला वरच्याने खाल्लेली वीजही उपसावी लागते. वरचे बऱ्याच कमी प्रवाहावर चालवले तरच थोडा लाभ होतो. वरच्या टोकाला मी ऐंशी अंशांवर थांबतो आणि प्लेटवर आणि हीट सिंकवरही केएसडी३०१ प्रकारचा थर्मल कटआउट (ठरावीक तापमानाला प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला ठेवतो, म्हणजे पंखा बंद पडला तरी मॉड्यूल वाचते. ग्राहकाला प्रमाणपत्र द्यायचे असेल तर घरच्या साधनाचे वाचन उपयोगाचे नाही. त्यासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच जावे लागते. मात्र तिथे नमुना नेण्याआधी तो घरी तपासलेला असला, तर चाचणी शुल्क वाया जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

किंमत विक्रेत्यागणिक बदलते. साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत मॉड्यूल मिळते, आणि त्याच नावाखाली दर्जात बराच फरक असतो. दुकानातच मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून मॉड्यूलच्या एका बाजूवर तळहात ठेवावा; चांगल्या मॉड्यूलमध्ये लगेच व्होल्टेज दिसू लागते. आतला सांधा तुटलेला असेल तर काहीही दिसत नाही. रोध मोजताना हेच व्होल्टेज मीटरला फसवते, म्हणून मीटरच्या वायरी उलटसुलट लावून दोन्ही वाचनांची सरासरी घ्यावी. ती दोन ओहमच्या जवळपास यायला हवी. विकत घेतल्या दिवशीचा हा आकडा मॉड्यूलच्या कडेवर लिहून ठेवावा आणि अधूनमधून पुन्हा मोजावा. तो हळूहळू वाढू लागला की आतले सांधे थकत चालले आहेत असे समजून दुसरे मॉड्यूल आणून ठेवावे.